बिस्किटे, भरड धान्यांची

सातू, ज्वारी, नाचणी यांसारखी धान्ये किंवा खपलीसारखा जुन्या वाणाचा गहू यांच्या पिठात गूळ अथवा काकवी, स्निग्ध पदार्थ व मसाले मिसळून भट्टीत भाजलेला कोरडा, टिकाऊ खाद्यपदार्थ. आरोग्यदायी म्हणून तो आज आवडीने घेतला जातो. परंतु मुंबईच्या उपनगरांत त्याचा एक महत्त्वाचा प्रवेश टंचाईच्या काळात झाला.

एकोणिसाव्या शतकात बिस्किट हा मुख्यतः विलायतेहून येणारा महाग जिन्नस होता. सनातनी हिंदू घरांत तो निषिद्ध मानला जाई. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे ठेवली गेल्याच्या निमित्ताने न्या. म. गो. रानडे व लो. टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. बिस्किटाच्या जवळचा एतद्देशीय पदार्थ म्हणजे नानकटाई. सामान्य घरी भट्टी नसल्याने दिवाळीच्या सुमारास रवा, मैदा, तूप व साखर जवळच्या बेकरीत नेऊन ती भाजून आणण्याची रीत मुंबईत व उपनगरांत दीर्घकाळ टिकून होती.

मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ मध्ये अंधेरीच्या दक्षिणेस विलेपार्ले येथे गोळ्या-मिठाईचा कारखाना काढला. हा भाग त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, साष्टीत होता. कारखान्यास गावाचेच नाव मिळाले. १९३९ च्या सुमारास तेथे ग्लूकोज बिस्किटे निघू लागली व विलायती मालापेक्षा स्वस्त असे स्वदेशी बिस्किट सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले. लवकरच महायुद्ध व पाठोपाठ १९४३ पासून मुंबईतील धान्याचे नियंत्रित वाटप यांमुळे गव्हाची चणचण भासू लागली. १९४७ च्या फाळणीने पश्चिम पंजाबातील कालव्यांवरचा गव्हाचा प्रदेश पाकिस्तानात गेला, तेव्हा ही अडचण पराकोटीस पोहोचली. कारखान्याला गव्हाच्या बिस्किटांचे उत्पादन काही काळ थांबवावे लागले. गव्हाचा पुरवठा सुरळीत होईपर्यंत सातूची बिस्किटे घ्यावीत, असे आवाहन त्याने जाहिरातीद्वारे ग्राहकांना केले.

सातू हे धान्य महाराष्ट्राला नवे नव्हते. संस्कृत वाङ्मयातील ‘यव’ तो हाच. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननातही त्याचे दाणे मिळाले आहेत [→ सातू]. घरोघरी ‘सातूचे पीठ’ म्हणून जे केले जाते, त्यात मात्र पुष्कळदा भाजलेले गहू व डाळे एवढेच असतात, सातूचा दाणाही नसतो. पाव फुगण्यास गव्हातील ग्लुटेनाचे चिवट जाळे लागते. सातूच्या पिठात असे जाळे तयार होत नाही, म्हणून त्याचा पाव दडस होतो. बिस्किटास हा दोष फारसा बाधत नाही. त्यात चिवटपणा नकोच असतो, खुसखुशीतपणा हवा असतो. मात्र सातूचे पीठ पाणी अधिक शोषते व लाटताना कडा फुटतात, त्यामुळे कणीक थोडी सैल ठेवून काही वेळ मुरू द्यावी लागते. नाचणी व ज्वारी यांत ग्लुटेन मुळीच नसल्याने त्यांच्या पिठात थोडी कणीक मिसळणे सोयीचे जाते. सातारा, सांगली, बेळगाव या भागांतील खपली हा सालपट दाण्यास घट्ट चिकटून राहणारा गहू. त्याचे ग्लुटेन दुबळे असल्याने बिस्किटे चांगली होतात. खीर व पुरणपोळी यांसाठीही त्याला मागणी असते.

गोडीच्या बाबतीत काकवी व मळी यांत घोटाळा होऊ नये. काकवी म्हणजे उसाचा रस आटवून गूळ होण्यापूर्वी उतरवून घेतलेला दाट पाक. मळी हे साखर कारखान्यातील उपउत्पादन असून ती मुख्यतः मद्यार्कनिर्मितीसाठी जाते. पाश्चात्त्य देशांत मात्र तिचे खाद्य प्रकार आल्याच्या बिस्किटांत वापरतात. काकवीतील आम्लांश खाण्याच्या सोड्याशी संयोग पावून वायू सोडतो व बिस्किट हलके होते. तिच्यातील द्राक्षशर्करा व फलशर्करा ओलावा धरून ठेवतात. म्हणून असे बिस्किट मऊसर राहते, लवकर तांबूस होते आणि भट्टी जरा अधिक तापली तरी करपते. सुंठ, दालचिनी, लवंग व जायफळ यांचा गंध गुळाच्या उग्र चवीशी जुळतो. सुंठ बेताने घालावी.

पुरवठा पूर्ववत होताच विलेपार्ल्यास पुन्हा गव्हाचीच बिस्किटे निघू लागली आणि सातूचे बिस्किट मागे पडले. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले व नाचणी-ज्वारीच्या बिस्किटांना बाजारात प्रतिष्ठा मिळाली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील बेकऱ्यांत व घरगुती उद्योगांत ती आता मिळतात. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने आवश्यक आहे. त्या यादीत मैदा पहिला आणि नाचणी बरीच खाली, असेही आढळते.