चौल, रेवदंडा व कोर्लई : एका बंदराची स्मृति

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मागें वळून पाहत असतां, रायगड जिल्ह्यांतील एका प्रवासाची हकीकत प्रिय वाचकांस सादर करावी असें वाटतें. पेणहून निघालें म्हणजे वडखळवरून वाट अलिबागेस जाते. रोह्याहून निघालें तर कुंडलिकेच्या सोबतीनें खाडीच्या मुखाशीं येतां येतें. दोन्ही वाटा रेवदंड्यास मिळतात.

अलिबागेस मुंबईकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हवापालटासाठीं जात आली आहे. समोर समुद्रांत कुलाब्याचा किल्ला. शिवाय मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तेथील चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीं याच गांवीं आणिली गेली. परंतु या विश्रांतिस्थानाच्या दक्षिणेस थोड्याच कोसांवर जें चौल आहे, त्याचा इतिहास फार प्राचीन होय. दहाव्या शतकांत अरब प्रवासी अल्-मसूदी व पंधराव्या शतकांत रशियन व्यापारी अफानासी निकितीन या बंदरास आले. १५०८ सालीं इजिप्त व गुजरात यांच्या आरमाराशीं झालेल्या लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मैदा येथेंच पडला. १५२१ मध्यें निजामशहाच्या अनुमतीनें पोर्तुगीजांनीं रेवदंड्याच्या किल्ल्यास आरंभ केला, व १५९४ मध्यें खाडीपलीकडील कोर्लईचा गडही घेतला. तटाच्या आंत मंदिरें व मठ उभे राहिले. फ्रान्सिस्कन मठाचा भग्न मनोरा, ज्यास लोक 'सातखणी' म्हणतात, माडांच्या वर आजही दिसतो.

१७४० मध्यें चौल व कोर्लई मराठ्यांकडे गेलीं. तोफा मुक्या झाल्या, अधिकारी निघून गेले. श्रद्धा जर केवळ राज्यसत्तेच्या आधारानें उभी असती, तर तीही त्याच गलबतांत बसून गेली असती. तसें झालें नाहीं. गडाच्या पायथ्याशीं गरीब ख्रिस्ती कुटुंबें राहिलीं. त्यांचे वंशज आजही कार्मेल माउलीच्या मंदिरांत जमतात, आणि घरीं 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', बोलतात. तिचे शब्द बहुतांशीं पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें. परक्याचा शब्द आपल्या मातीच्या वळणानें चालूं लागला, याहून उत्तम साक्ष कोणती?

ही भाषा बोलणारे आतां सुमारें हजारभरच उरले आहेत. एका वृद्ध माउलीस मीं विचारलें, "नातवंडें बोलतात का?" ती म्हणाली, "फादर, समजतें त्यांना. पण उत्तर मराठींत देतात." तिच्या स्वरांत तक्रार नव्हती, पण खंत होती. आपण त्या वेळीं गडाच्या छायेंत उभे होतों. दगड अजून शतकभर टिकतील, हें वाक्य टिकेल कीं नाहीं, हें सांगतां येत नव्हतें.

बंधुभगिनींनो, तो गड आपला नव्हे. त्याचा अभिमान धरण्याचें कारण नाहीं. मात्र सत्ता गेल्यावरही जिनें गुडघे टेकले, ती झोपडींतली प्रार्थना आपली आहे. आपल्याही घरांत वडील माणसें आहेत. त्यांच्या तोंडच्या प्रार्थना, गाणीं व आठवणी या महोत्सवाच्या वर्षीं लिहून ठेवा. मनोरे पडतात, सांगितलेलें व ऐकलेलें तेवढें पुढें चालतें. प्रभु आपणां सर्वांस तें जपण्याची बुद्धि देवो.