हौदात उतरण्यापूर्वी : तालमीतल्या नव्या गड्याचे रीतिरिवाज

कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत नवा पोरगा दाखल होतो तेव्हा त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. चप्पल दाराबाहेर ठेवायची, मारुतीपुढे नारळ फोडायचा, वस्तादांच्या पाया पडायचे, हौदातली चिमूटभर माती कपाळाला लावायची, आणि मग हातात खोरे घेऊन हौद उकरायचा. पुढचे कित्येक दिवस तो जोर-बैठका मारतो, माती उकरतो आणि थोरल्यांची लढत बघत बसतो. या रीतीला सरसकट 'प्राचीन गुरुकुल परंपरा' म्हणण्याचा प्रघात आहे. मला ते पटत नाही.

शब्दच पाहावेत. तालीम म्हणजे अरबीत शिक्षण. वस्ताद, शागीर्द, खलिफा, पहिलवान, कुस्ती, पेच, मेहनत, खुराक, सलामी, हौद हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले. दख्खनच्या सुलतानांच्या आणि पुढे मराठ्यांच्या काळात ही शिस्त ज्या भाषेत बोलली गेली, ती भाषा तिच्या अंगावर अजून आहे. कोनाड्यात मारुती आणि तोंडात 'वस्ताद' यात तालमीतल्या कुणाला विसंगती वाटली नाही. मल्लविद्या त्याआधी नव्हती असे अर्थातच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांचे वर्ग, सराव, आहार यांचे वर्णन येते. पण तो मल्ल राजाच्या पदरचा आणि कुस्ती राजाच्या करमणुकीची. पेठेतली तालीम ही निराळी वस्तू आहे. तिथे गड्याला कुणी पदरी ठेवत नाही. तो दारात येतो आणि आत घ्यायचे की नाही हे वस्ताद ठरवतो. नव्या गड्याच्या रीती या दारापाशी घडल्या.

हौद उकरण्याची रीत घ्या. हौदातली लाल माती चाळलेली असते. तीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मिसळतात. रोजच्या लढतीने ती दबते, घट्ट होते. अशा मातीवर पाठ आपटली तर बरगडी जायची. म्हणून ती रोज उकरावी लागते. नवा गडी हे काम करतो ते केवळ नम्रता शिकायला नव्हे. खोरे चालवताना खांदा, कंबर आणि पकड एकदम तयार होते, आणि आपण ज्या मातीवर पडणार ती किती मऊ आहे हे त्याला हाताने कळते. नखे कापणे, अंगठी-कडे उतरवणे, अंगावर खरूज-नायटा असेल तर हौदात न उतरणे हे नियमही असेच रोकडे आहेत. उघडी अंगे एकमेकांवर घासणार, तिथे हे पाळावेच लागते.

माझ्या मते खरी गोष्ट या 'उघड्या अंगात' आहे. ज्या समाजात कुणी कुणाला शिवायचे याचे कडक नियम होते, त्यात रोज पहाटे दोन पोरे एकमेकांच्या घामाने भिजत होती. हे चालायला दुसरी काहीतरी उतरंड हवी होती, आणि तालमीने ती अनुभवाची केली. थोरल्या गड्याला नव्याने आव्हान द्यायचे नाही. जोड वस्ताद लावून देणार. लढतीआधी हात मिळवून सलामी द्यायची. थोरल्याने नव्याचा हातपाय मोडेल असा डाव ओढायचा नाही, आणि मोडलाच तर वस्तादांपुढे जाब द्यायचा. म्हणून तालीम जातिमुक्त होती, असे म्हणणे मात्र फार झाले. हौदाबाहेर येऊन अंग धुतले की गाव होतेच.

राजर्षी शाहूंच्या काळात (1894 ते 1922) कोल्हापूरच्या तालमींना मोठा आश्रय मिळाला. 1902 च्या युरोप प्रवासात रोमचे कलोसियम पाहून आलेल्या महाराजांनी खासबाग मैदान बांधवले, ते 1912 मध्ये पुरे झाले. 1949 साली संस्थान विलीन झाले आणि दरबारचा खुराक थांबला. त्यानंतर नव्या गड्याचे रूप पालटले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींत खेड्यापाड्यांतून पोरे राहायला येऊ लागली. बाप दूध-बदामाचा खर्च पाठवणार, पोरगा तालमीत स्वतःचे रांधून खाणार. नियमांत पाळीने स्वयंपाक, झाडलोट आणि थोरल्यांची मालिश आली. यातली मालिश हे दुधारी प्रकरण आहे. स्नायू कुठे गाठाळतो हे ती शिकवते. पण वस्तादाचे लक्ष ढळले की तीच वेठबिगार होते. जुन्या रीतींचे कौतुक करणारे या बाजूबद्दल सहसा बोलत नाहीत.

आता मॅट आली. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते मातीत तयार झालेल्या अंगाने, पण मॅटवर. मॅट उकरावी लागत नाही, फडक्याने पुसली की झाले. त्यामुळे नवा गडी पहिल्या आठवड्यातच पट काढायला शिकतो, आणि मातीत वर्ष घालवलेल्या पोरापेक्षा गुणांच्या कुस्तीत पुढे असतो. दुसराही बदल तिच्याबरोबर झाला. मातीच्या हौदात मुलींना उतरू देत नसत; मॅटभोवती तसा विधिनिषेध कधी तयारच झाला नाही. 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. अशा मुली दारात येतात तेव्हा चप्पल बाहेर काढतात, वस्तादांच्या पाया पडतात, सलामी देतात. खोरे मात्र त्यांच्या हाती कुणी दिलेले नसते.