शाळेच्या पाटीवरचे नाव

मराठी कानाला इच्छापोर हे नाव गमतीदार वाटते. इच्छा आणि पोर! गुजरातीतला हा 'पोर' म्हणजे आपला 'पूर'च, हे मागाहून कळते. पण काही वर्षांपूर्वी सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना ती पाटी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एखादे हट्टी पोरच उभे राहिले. गावाच्या बाजूला हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांची वसाहत, पुढे हजिऱ्याला खत, वायू आणि पोलाद यांचे अजस्र पसारे. सोबतच्या स्नेह्यांचे काम होते म्हणून त्याच टापूतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत थांबलो. बाके नवी, पाण्याची टाकी नवी, आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर एका कंपनीचे बोधचिन्ह. पोरे त्याला पाठ टेकून पाढे म्हणत होती.

मला राग आला असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मी ज्या शाळेत शिकलो तिथे बाकेच नव्हती, आम्ही गोणपाटावर बसायचो. टूथपेस्टवाले दात बघायला येत आणि जाताना एकेक छोटी ट्यूब हातावर ठेवीत, तो दिवस आम्हांला चवथीसारखा वाटे. ती जाहिरात आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मास्तरांच्याही नसावे.

शाळेला पैसा देणारा आणि पाटीवरचे नाव यांचे नाते तसे जुनेच. सुरतेचेच उदाहरण घ्या. १८३१ साली सुरतेत जन्मलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीत अमाप पैसा मिळवला आणि १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढल्याच वर्षी तेजी कोसळली, तिच्याबरोबर तेही कोसळले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. त्याला नाव मिळाले ते त्यांच्या आईचे, राजाबाईचे. त्या नावाने कोणाचा कापूस विकला जाणार नव्हता.

याच सुरत जिल्ह्याच्या अंगाला अंग लावून गायकवाडांचा नवसारी प्रांत होता. कामरेजसारखी गावे बडोद्याची, सुरत शहर इंग्रजांचे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ मध्ये ते साऱ्या राज्याला लागू केले. इंग्रजी मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये तसेच विधेयक आणले, ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. खर्च कोणी सोसायचा, हा सरकारपुढचा मोठा अडसर होता. म्हणजे सीमेच्या अलीकडे शाळा ही राजाची जबाबदारी आणि पलीकडे ती परवडत नाही म्हणून पुढे ढकलण्याची बाब. दोन्हीकडची पोरे तापीचेच पाणी पीत होती.

आमच्या गोव्यात तर पोर्तुगीज सरकारकडून मराठी शाळेची अपेक्षाच नव्हती. १९०८ मध्ये पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. नावातच सारे आले: मूठ-मूठ जमवून केलेला निधी. मुठीवर कोणाचे नाव लिहिणार? मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या. भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते, पण त्या शाळांच्या पाटीवर 'सरकारी प्राथमिक शाळा' एवढेच असे. खाणवाल्यांची नावे महाविद्यालयांवर आली: धेंपे, चौगुले, साळगावकर. त्यांना नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. आमच्या पिढीतले किती तरी जण त्यांच्याच वर्गांत पदवीधर झाले.

मग आज काय बदलले? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, आणि आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या असेही सांगितले. हजिऱ्याच्या आसपास बाके येतात ती अशी. आणि १८ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने 'दत्तक शाळा' योजना काढली, तीत तर दरपत्रकच आहे! मोठ्या महापालिकांच्या क्षेत्रात पाच वर्षांसाठी दोन कोटी, दहा वर्षांसाठी तीन कोटी. ग्रामीण शाळेला पाच वर्षांसाठी पन्नास लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. एवढ्या मोलाच्या वस्तू आणि सेवा द्यायच्या, रोख नाही. देणगीदाराची इच्छा असेल तर त्या मुदतीपुरते त्याचे नाव शाळेच्या नावाला जोडायचे. तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर आमच्या शेजारच्या सावंतवाडीचे.

मला खटकते ते 'मुदतीपुरते'. राजाबाईचे नाव भाड्याने दिलेले नव्हते. दत्तक म्हणायचे आणि करार पाच वर्षांचा करायचा, असे दत्तकविधान आमच्या भटजींनी तरी ऐकलेले नाही.

अमेरिकेत हा व्यवहार उघड झाला. 'चॅनल वन' कंपनीने १९९० पासून शाळांना दूरचित्रवाणी संच वापरायला दिले आणि मोबदल्यात वर्गात रोज बारा मिनिटांचा कार्यक्रम दाखवायला लावला, त्यातली दोन मिनिटे जाहिरातींची. २०१८ मध्ये ते प्रकरण संपले. आपल्याकडे २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी शाळेत आणि शाळेपासून पन्नास मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट, तेलकट खाद्यांची विक्री व जाहिरात बंद केली. पण बाकावरचे बोधचिन्ह वेफरच्या पुडीत मोडत नाही.

पुन्हा हजिऱ्याकडे वळतो. तिथला एस्सारचा पोलाद कारखाना २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला आणि डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलरमित्तल व निप्पॉन स्टील यांच्या हाती गेला. पाटी बदलली. समजा, शेजारच्या एखाद्या शाळेने जुने नाव आपल्या नावाला जोडून घेतले असते, तर तिथून सातवी पास झालेल्या पोराने दाखल्यावरचे नाव कुठे शोधायचे? आणि नफाच नसेल तर दोन टक्के कशाचे? २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते थकले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सरकारी शाळेतल्या बाईंचा पगार मात्र खनिजाच्या भावावर ठरत नव्हता.

भाऊसाहेबांच्या काळातल्या कित्येक शाळांना आज कुलूप आहे, हेही सांगायला हवे. पैसा नव्हता म्हणून नव्हे. पोरे नव्हती म्हणून. इच्छापोरच्या वाटेवरच्या त्या शाळेत पोरे दाटीवाटीने बसली होती, एका बाकावर चार-चार. मधल्या सुटीत एक मुलगा बाकावरच्या बोधचिन्हाला कंपासच्या टोकाने मिशा काढत होता. बाईंनी पाहिले, आणि हसून दुसरीकडे बघितले.