गणपतराव देशमुख : ११ वेळा आमदार झालेल्या 'आबासाहेबां'चा विक्रम नेमका काय होता?

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून तब्बल ११ वेळा विधानसभेवर निवडून गेलेले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते म्हणजे गणपतराव देशमुख. कार्यकर्ते आणि मतदार त्यांना 'आबासाहेब' म्हणत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. त्यांचा फोटो आणि 'देशात सर्वाधिक वेळा आमदार' ही ओळ आजही सोशल मीडियावर फिरत असते. ती कितपत खरी आहे?

आधी निकाल पाहू. वकिलीचे शिक्षण घेतलेले गणपतराव १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे ते निवडून येत राहिले. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. मधल्या काळात राज्यात किती पक्ष फुटले, किती आमदार इकडून तिकडे गेले, हे आठवले की या यादीचे मोल कळते.

या यादीत १९७२ आणि १९९५ ही वर्षे नाहीत, कारण त्या दोन निवडणुका ते हरले. १९९५ चा पराभव तर अवघ्या १९२ मतांचा होता. हरवणारे उमेदवार होते शहाजीबापू पाटील. पुढे २०२२ मध्ये 'काय झाडी, काय डोंगार'मुळे घराघरात पोहोचले तेच. म्हणजे सांगोल्याने आबासाहेबांना गृहीत धरू दिले नाही. पराभवाचा काळ वगळला तर आमदारकीची वर्षे साधारण ५१ भरतात. व्हायरल पोस्टमध्ये दिसणारा ५४ वर्षांचा आकडा या हिशेबात बसत नाही.

आता देशातील विक्रमाबद्दल. तमिळनाडूचे एम. करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून १३ वेळा आमदार झाले. केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा जिंकले, तर ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. त्यामुळे 'देशात सर्वाधिक' हे बरोबर नाही. त्याने फारसे बिघडतही नाही. करुणानिधी आणि चंडी मुख्यमंत्री होते, मणी वर्षानुवर्षे अर्थमंत्री होते. गणपतरावांच्या वाट्याला मंत्रिपद दोनदाच आले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. हाती सत्ता नसताना मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून द्यावे, ही गोष्ट जास्त अवघड म्हणायला हवी.

मग लोक मते का देत होते? त्याचे उत्तर बरेचसे पाण्यात आहे. सांगोला पर्जन्यछायेतला, कायम दुष्काळी तालुका. कृष्णेचे पाणी उचलून माणदेशातल्या कोरड्या तालुक्यांना द्यावे, यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी उभ्या केलेल्या पाणी चळवळीत गणपतराव पुढे होते. टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांचा आग्रह त्यांनी सभागृहात सतत धरला. कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने तालुक्यात पैसा आणला, सहकारी सूतगिरणीने रोजगार दिला. या सगळ्याचे श्रेय एका माणसाचे नाही, पण यातल्या बहुतेक कामांत त्यांचा हात होता. शिवाय राहणी साधी. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख शेवटपर्यंत टिकली.

२०१२ मध्ये, पहिल्या विजयाला ५० वर्षे झाली तेव्हा, विधिमंडळ आणि राज्य सरकारने त्यांचा गौरव केला. सरकारच्या चुका आयुष्यभर दाखवणाऱ्या आमदाराचा सत्कार सरकारनेच केला, हे विशेष. तरीही ते लगेच निवृत्त झाले नाहीत. २०१४ ची निवडणूक लढवून अकराव्यांदा जिंकले, तीही शहाजीबापूंनाच हरवून.

२०१९ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या गणपतरावांनी उमेदवारी घेतली नाही. त्यांच्या जागी उभे राहिलेले नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले, विजेते पुन्हा शहाजीबापू. २०२४ मध्ये मात्र दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव केला आणि सांगोल्याची जागा शेकापकडे परत आली.