वाट पाहणारी श्रद्धा : संदेष्टा यिर्मया आणि अनाथोथचे शेत

देवाच्या अभिवचनाची वाट पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा समज आपल्यात पुष्कळदा आढळतो. पवित्र बायबलमधील वाट पाहणारी माणसे मात्र सहसा काहीतरी करीत असतात. जुन्या करारात यिर्मयाच्या ग्रंथाचा 32 वा अध्याय या दृष्टीने मुद्दाम वाचावा. त्याच्या केंद्रस्थानी आहे एका शेतजमिनीचे खरेदीखत.

काळ इ. स. पूर्व 588-587 चा. यहुदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याच्या सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला होता. नगर शत्रूच्या हाती पडणार, असे यिर्मया उघडपणे सांगत असे. म्हणून राजाने त्याला राजवाड्यातील पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत ठेवले होते. तेथे त्याचा चुलतभाऊ हनमेल त्याच्याकडे आला आणि अनाथोथ येथील आपले शेत विकत घेण्याची त्याने विनंती केली. कुटुंबाची जमीन परक्याकडे जाऊ नये, यासाठी जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी, असा नियम लेवीय ग्रंथात आहे. तो हक्क यिर्मयाचा होता. हनमेल येणार, हे परमेश्वराने त्याला आधीच कळविले होते.

यिर्मयाने 17 शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. आजच्या मापाने ती अंदाजे 200 ग्रॅम भरेल. साक्षीदारांनी सह्या केल्या. खताच्या दोन प्रती झाल्या, एक मोहरबंद व एक उघडी. नेरीयाचा पुत्र बारूख याला यिर्मयाने त्या मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले, कारण त्या पुष्कळ काळ टिकायला हव्या होत्या. या देशात घरे, शेते व द्राक्षमळे यांची पुन्हा खरेदी-विक्री होईल, हे देवाचे अभिवचन होते. ज्यांच्या घरी सातबाऱ्याचे उतारे ट्रंकेत जपून ठेवलेले असतात, त्या वाचकांना त्या मडक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

व्यवहाराच्या दृष्टीने हा सौदा वेडेपणाचा होता. अनाथोथ हे जेरुसलेमच्या ईशान्येस चार-पाच किलोमीटरवरील गाव, म्हणजे वेढ्याच्या पलीकडचे. कैदेतील यिर्मयाला तेथे पाऊलही ठेवता येणार नव्हते. देवाच्या आज्ञेनुसार त्याने विवाह केला नव्हता, त्यामुळे जमिनीला वारस नव्हता. शिवाय याच अनाथोथच्या लोकांनी पूर्वी त्याच्या जिवावर उठून कट केला होता (अध्याय 11). तरीही त्याने पूर्ण रक्कम मोजली.

मला या अध्यायातील सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा वाटतो. खत बारूखच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो. देवाला काहीही अशक्य नाही, अशी सुरुवात करून अखेरीस तो जवळजवळ तक्रारच करतो: नगर शत्रूच्या हाती जात आहे, आणि तरी तू मला शेत घ्यायला सांगितलेस! म्हणजे आज्ञा त्याने आधी पाळली आणि शंका नंतर बोलून दाखविली. आपल्यापैकी अनेकजण नोव्हेना करतात, आजारी माणसासाठी वर्षानुवर्षे मिस्सा ठेवतात, आणि मनात प्रश्न आला की अपराधी वाटून घेतात. यिर्मयाने तो प्रश्न देवापुढेच मांडला, आणि देवाने त्याला उत्तर दिले.

धीराची परीक्षा आणखी एका प्रकारे होत असते. काही वर्षांपूर्वी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केले होते की, दोन वर्षांत बाबेलचे जोखड मोडेल आणि बंदिवान परत येतील. लोकांना हवे तेच तो बोलला. ते खोटे ठरले. यिर्मयाने बंदिवानांना जे पत्र पाठविले, त्यात मुदत 70 वर्षांची होती. तोवर काय करावे? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात राहता त्याचे हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा (अध्याय 29). झटपट चमत्काराची हमी देणारे उपदेशक आजही भेटतात, तेव्हा ही दोन भाकिते शेजारी ठेवून पाहावीत.

नव्या करारात याकोबच्या पत्रात पावसाची वाट पाहणारा शेतकरी धीराचा नमुना म्हणून येतो. पेरणी केलेल्यालाच पावसाची चिंता, हे ओघाने आलेच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2025 च्या ज्युबिली वर्षासाठी 9 मे 2024 रोजी काढलेल्या घोषणापत्रात धीराला आशेची कन्या आणि त्याच वेळी आशेचा पायाही म्हटले आहे.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, उपासना वर्ष ‘क’मध्ये, पहिले वाचन यिर्मयाच्या 33 व्या अध्यायातून असते. दाविदाच्या वंशातून फुटणाऱ्या नीतिमान अंकुराचे ते अभिवचन यिर्मयाला मिळाले, तेव्हा तो त्याच चौकात कैदेत होता.

यिर्मयाने ते शेत कधी कसले नाही. जेरुसलेम पडले, आणि पुढे लोक त्याला आपल्याबरोबर मिसर देशात घेऊन गेले. इ. स. पूर्व 538 मध्ये पारसचा राजा कोरेश याने यहुदी लोकांना परतण्याची परवानगी दिली. परतलेल्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नुसती नावे आणि आकडे म्हणून आपण ती सहसा ओलांडून पुढे जातो. तिच्या 23 व्या वचनात अनाथोथच्या माणसांची संख्या दिली आहे : 128.