उजेड शेवटच्या टोकापर्यंत का पोचत नाही? खोपोली, मुळशी आणि आमच्या बोळातली एलईडी स्ट्रिप

ऐकायला वेळ नाही, बसमध्ये वाचून काढतो म्हणणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका घरगुती फजितीपासून. ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीये, मध्ये दोनदा आमच्या आजीचा आवाज येतो. तो मी मुद्दामच काढलेला नाही.

आमचं घर जुन्या नाशकात. एकेकाळी वाडा होता, आता त्यातल्या तीन खोल्या आणि एक लांबलचक बोळ एवढंच आमच्या वाट्याला उरलंय. बोळ नऊ मीटरचा. एका टोकाला आजीची खोली, दुसऱ्या टोकाला बाथरूम, आणि बाथरूमच्या अलीकडे एक दगडी पायरी. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आजी त्या पायरीवरून पडली. मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. बोळात बल्ब होता हो, पण बटण मधोमध. म्हणजे अर्धा बोळ अंधारात चाललात तर उजेड मिळणार. ही वायरिंग ज्याने केली त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मी बी.टेक. आहे, दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा घरातल्या सगळ्या इलेक्ट्रिक भानगडी माझ्याकडेच येतात. (दोन्हींचा काही संबंध नाही, हे घरच्यांना समजावणं मी सोडून दिलंय.) म्हटलं, भिंतीच्या खालच्या कडेने एलईडी स्ट्रिप लावू, मोशन सेन्सर बसवू, पाय टाकला की उजेड. पाच-पाच मीटरचे दोन रोल मागवले, १२ व्होल्टचे, त्यातल्या त्यात स्वस्त. एकापुढे एक जोडले, एक मीटर कापून टाकला आणि आजीच्या खोलीच्या बाजूने अडॅप्टर लावला. तो अडॅप्टर तासाभरात इतका तापला की हात लावता येईना. मग हिशेब केला, जो आधी करायला हवा होता: स्ट्रिप मीटरला ९.६ वॅटची, नऊ मीटरला ८६ वॅट, भागिले १२ व्होल्ट म्हणजे ७ अँपिअरच्या वर. माझा अडॅप्टर होता ५ अँपिअरचा. मोठा एसएमपीएस आणला. तापणं थांबलं. पण आजीच्या खोलीपाशी झगझगाट आणि पायरीपाशी नुसता मिणमिणता उजेड.

आजी बघून म्हणाली, "अरे, जिथे पडले तिथेच अंधार ठेवलास की रे!"

तर आजचा प्रश्न हाच. उजेड शेवटच्या टोकापर्यंत का पोचत नाही? आणि गंमत म्हणजे विजेच्या धंद्यातला हा जवळजवळ सगळ्यात जुना प्रश्न आहे.

४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने आपलं वीजकेंद्र सुरू केलं. ११० व्होल्ट, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. तुमच्या एलईडी स्ट्रिपमध्ये असते तीच जात. दिवे लागले, पेपरात कौतुक झालं, पण केंद्रापासून मैलभराच्या पलीकडे ही वीज नेणं परवडेना. तारेला स्वतःचा विरोध असतो. प्रवाह जितका जास्त तितके व्होल्ट वाटेतच गळतात, आणि तार नुसती तापते. उपाय एकच, तांबं जाड करा. तांबं तेव्हाही महाग होतं. (त्याच १८८२ साली आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले असं सांगतात. म्हणजे आपण फार मागे नव्हतो!)

आता माझा बोळ बघा. स्ट्रिप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर तांब्याचा पातळ थर. स्वस्त रोलमध्ये हा थर आणखी पातळ, कारण पैसे तिथेच वाचतात आणि ते तुम्हाला दिसत नाही. सुरुवातीला १२ व्होल्ट, आणि पायरीपाशी मल्टिमीटर लावला तर १०.४. तुम्ही म्हणाल, दीडच व्होल्ट तर गेले. पण १२ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये तीन-तीन एलईडींची एक साखळी असते, प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणजे ९ तिथेच संपले. उरलेले ३ व्होल्ट शेजारच्या छोट्या रेझिस्टरवर पडतात आणि साखळीत प्रवाह किती वाहणार हे त्यावर ठरतं. त्या तीनातलेच दीड गेले की प्रवाह जवळपास निम्मा. म्हणून शेवटचं टोक मिणमिणतं. दिवे खराब नव्हते, माझी जोडणी खराब होती.

यावरचं उत्तर जगात ट्रान्सफॉर्मर आणि एसी विजेने दिलं, ती वेस्टिंगहाउस, टेस्ला वगैरे गोष्ट तुम्ही शंभर व्हिडिओंमध्ये बघितली असेल. मला आपल्याकडची जास्त आवडते.

मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत आणि गिरणगावावर धूर असायचा. दुसरीकडे लोणावळा-खंडाळ्याला पाऊस असा पडतो की विचारू नका, आणि ते पाणी घाटावरून कोकणात जवळपास अर्धा किलोमीटर खाली येऊ शकतं. त्या पाण्यावर वीज करायची आणि मुंबईला आणायची हे जमशेटजी टाटांचं स्वप्न. ते १९०४ मध्ये गेले, काम त्यांच्या मुलांनी पुढे नेलं आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. खोपोली ते परळ, साधारण ७० किलोमीटर! एडिसनला मैलभर नेताना घाम फुटला होता. इथे काय वेगळं केलं? व्होल्ट वाढवले. लाखाच्या घरात नेले. तेवढीच वीज, पण व्होल्ट जास्त म्हणून प्रवाह कमी, प्रवाह कमी म्हणून वाटेतली गळती कमी. मुंबईत पोचल्यावर पुन्हा व्होल्ट उतरवायचे.

माझ्या बोळाचं उत्तर इथेच होतं. १२ च्या जागी २४ व्होल्टची स्ट्रिप घ्यायची. वॅट तेवढेच, प्रवाह निम्मा, आणि टक्क्यांत बघितलं तर गळती चौथाई. दुकानात दोन्ही रोल शेजारी लटकत असतात, दिसायला सारखेच. आपण विचारतो फक्त, "मीटरला किती?" दोन-तीन मीटरचं काम असेल, टीव्हीच्या मागे किंवा देवघरात, तर १२ खुशाल घ्या. पाचाच्या पुढे गेलात की २४.

पण खोपोलीची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखं होईल. मुंबईची भूक वाढली, आणखी धरणं हवी झाली, आणि नजर मुळशी खोऱ्यावर गेली. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमापाशी धरण, पाण्याखाली जाणार होती मावळ्यांची भातशेती आणि गावं. १९२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट तिथे उभे राहिले आणि 'सेनापती' हे नाव त्यांना त्याच लढ्यातून चिकटलं. लोक तुरुंगात गेले, बायका कामाच्या जागी आडव्या पडल्या. धरण झालंच. जगात धरणाविरुद्ध झालेल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये त्याची गणना होते. परळच्या गिरणीत लख्ख उजेड पडला तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला हे चालू होतं. व्होल्टेज ड्रॉपचं गणित मला कॉलेजात शिकवलं, मुळशी कुणी शिकवलं नाही. ते मी या पॉडकास्टसाठी वाचताना कळलं, आणि मला आपलीच लाज वाटली.

नाशिककरांना तर हे टोकांचं प्रकरण वेगळं सांगायला नको. नाशिकरोडच्या पलीकडे एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र १९७० पासून वीज करतंय, त्याच्या चिमण्या रेल्वेतून दिसतात. तरी आमचं बालपण लोडशेडिंगमध्ये गेलं. २००५ नंतरची ती वर्षं आठवतात ना? शहरात काही तास, खेड्यात त्याच्या कितीतरी पट. सटाण्याकडचा माझा मामेभाऊ फोनवर विचारायचा, "तुमच्याकडे आहे का?" काय आहे का, हे सांगावं लागायचं नाही. वीज केंद्राशेजारी राहणाऱ्याला आधी मिळत नाही, ती ग्रिडमध्ये जाते आणि तिथून ठरतं कुणाला किती.

त्या काळोखात आजी माळ्यावरून कंदील काढायची. त्यावर 'प्रभाकर' असं नाव होतं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, आणि पुढे हा स्वदेशी कंदील घरोघरी पोचला. प्रभाकर हे त्यांच्या वडिलांचं नाव. त्याआधी तळेगावला लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा केलेला पैसा फंड काच कारखाना होताच. काचेची चिमणी आणि कंदील परदेशातून यायचे त्या काळात हे केवढं मोठं असेल!

कंदील मध्येच आणला कारण आता रंगाकडे यायचंय. स्ट्रिपच्या पाकिटावर ३०००के, ४०००के, ६५००के असं छापलेलं असतं. के म्हणजे केल्व्हिन, उजेडाचा रंग. कंदिलाची ज्योत १९०० च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, आणि ट्यूबलाइट ६५००, निळसर पांढरी. आपल्या घरांना पांढऱ्याचं भारी वेड. माझा अंदाज असा की कंदील, चिमणी, पिवळा बल्ब म्हणजे गरिबी, आणि ट्यूब म्हणजे सुधारणा, हे दोन पिढ्यांच्या डोक्यात बसलं. त्यामुळे मीही पहिला रोल ६५०० चा आणला. रात्री दोन वाजता तो डोळ्यांत खुपतो आणि नंतर झोप येत नाही.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो, हे माहितीये? लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच केला होता, रेडिओवरचे लाल ठिपके ते हेच. पण निळा काही केल्या जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. अकासाकी आणि अमानो यांनी वाट काढली, आणि १९९३ मध्ये निचिया या छोट्या जपानी कंपनीतल्या शुजी नाकामुरांनी लख्ख निळा करून दाखवला. कंपनीने त्यांना बक्षीस दिलं २०,००० येन. (अप्रेझलवरून रडणाऱ्या माझ्या मित्रांनो, हे लिहून ठेवा.) २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. या निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवला की मिश्रण पांढरं दिसतं. स्ट्रिप बंद असताना त्यावरचे चौकोन पिवळे दिसतात, तोच तो. फॉस्फर स्वस्तातला असला की उजेडात लाल रंग कमी पडतो, मग कुंकू तपकिरी आणि भाजी शिळी दिसते. म्हणून पाकिटावर सीआरआय बघा, ९० किंवा वर असेल तर उत्तम, स्वयंपाकघरात तर नक्कीच.

हे सगळं इतकं स्वस्त झालं तेही अलीकडेच. सरकारी खरेदीत २०१४ साली एक एलईडी बल्ब ३१० रुपयांच्या आसपास पडत होता. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, कोट्यवधींची खरेदी एकदम झाली आणि दोन-तीन वर्षांत तोच भाव चाळिसाच्या खाली आला.

बरं, बोळाचं काय झालं? जुने रोल काढले. २४ व्होल्टची, ३०००के ची स्ट्रिप घेतली. ८६ वॅटला थोडी मोकळीक हवी म्हणून १२० वॅटचा एसएमपीएस, आणि तो टोकाला न ठेवता बोळाच्या मधोमध. तिथून दोन्हीकडे साडेचार-साडेचार मीटर. एसएमपीएसची २३० व्होल्टची बाजू उघडी असते, ती जोडणी मी केली नाही. वायरमनला बोलावलं, अर्थिंग करून घेतलं आणि हवा खेळेल अशा झाकणाच्या पेटीत बसवला. तुम्हीही तेवढं स्वतः करू नका. वाड्याच्या चुन्याच्या भिंतीला स्ट्रिपमागचा चिकट टेप आठवडाभरही टिकत नाही, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल स्क्रूने ठोकलं. त्याने पट्टीची उष्णताही निघून जाते आणि दुधी झाकणामुळे ठिपके दिसत नाहीत. बाथरूमच्या बाजूचा तुकडा आयपी६५ चा, वर सिलिकॉनचा थर असलेला, कारण तिथे पाणी उडतं. आता पायरीपाशी मोजले तर २३.५ व्होल्ट.

पहिल्या रात्री मी जागाच होतो. आजी उठली, बोळात आली, उजेड लागला. पायरीपाशी थांबली, खाली बघितलं.

"कंदिलासारखा पडलाय रे उजेड," म्हणाली. मग बाथरूमकडे जाताजाता, "आणि ते मधलं बटण काढून टाक आता. उगाच भिंतीवर कशाला?"

बटण अजून तसंच आहे. वायरमन पुढच्या रविवारी येतो म्हणालाय. पुढच्या भागात पैसा फंडाची पूर्ण गोष्ट. भेटूच.