काडतूस म्हणा, गोळी नव्हे!

माझा भाचा दहा मीटर एअर रायफलचा सराव करतो. रमजान ईदला तो शिरखुर्म्याची वाटी घेऊन माझ्याजवळ बसला होता. मी कौतुकानं विचारलं, "काय रे, दिवसाला किती गोळ्या झाडतोस बंदुकीतून?" त्यानं वाटी खाली ठेवली. "मामू, गोळ्या नाही, पेलेट. आणि बंदूक नाही, रायफल." सगळे हसले. मीही हसलो, पण हा आजार माझ्या ओळखीचा होता. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून त्याचा शब्द दुरुस्त करण्यात काय मजा असते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

हौशी नेमबाजांत हा आजार जगभर आहे. ('नेमबाज' शब्दच पाहा. नेम मराठी, बाज फारसी.) अमेरिकेत तर 'मॅगझिन'ला कुणी 'क्लिप' म्हटलं की पुढची अर्धी चर्चा त्यावरच होते. फरक खरा आहे. क्लिप काडतुसं नुसती एकत्र धरून ठेवते. मॅगझिनमध्ये स्प्रिंग असते, ती एकेक काडतूस वर ढकलते. पण १९३६ साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेल्या एम-१ गॅरंड रायफलीत आठ काडतुसांची क्लिप जशीच्या तशी आत जायची. दुसरं महायुद्ध लढलेल्या शिपायासाठी 'क्लिप' हा चुकीचा नव्हे, रोजचाच शब्द होता.

'सायलेन्सर'चंही तेच. जाणकार बजावतात की आवाज पूर्ण बंद होत नाही, म्हणून 'सप्रेसर' म्हणा. पण हिराम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ साली ज्याचं पेटंट घेतलं, ते उपकरण त्यांनी 'मॅक्सिम सायलेन्सर' याच नावानं विकलं. अमेरिकेच्या कायद्यातही आजवर तोच शब्द आहे.

आता 'मॅगझिन'चं मूळ बघा. अरबी 'मख़ज़न' म्हणजे कोठार. हा शब्द इटली, फ्रान्स करत इंग्रजीत गेला. दारूगोळ्याचं कोठार ते मॅगझिन, काडतुसांची डबी ती मॅगझिन आणि लेखांचा साठा तेही मॅगझिन. १९०१ साली शेख अब्दुल क़ादिर यांनी लाहोरातून उर्दू मासिक काढलं, त्याचं नाव 'मख़ज़न'. शब्द जगभर फिरून घरी परतला.

'बंदूक' तर त्याहून मजेदार. अरबीत 'बुंदुक़' म्हणजे हेझलनट, एक कठीण कवचाचं फळ. त्या आकाराच्या मातीच्या गोळ्यांनाही बुंदुक़ म्हणत आणि त्या खास धनुष्यातून पाखरांवर मारत. बगदादमध्ये हा बड्या लोकांचा छंद होता. खलिफा अन-नासिर (कारकीर्द ११८० ते १२२५) स्वतः त्यात रमलेला. कोणतं पाखरू पाडलं तर ते मोजायचं, याची चौदा पाखरांची यादीच या मंडळींनी ठरवली होती. काटेकोरपणा तेव्हाही होताच! पुढे बारुदीचं हत्यार आलं आणि गोळीचं नाव त्याला चिकटलं. म्हणजे भाच्यानं मला ज्या दोन शब्दांवर अडवलं, 'गोळी' आणि 'बंदूक', त्यांतल्या 'बंदूक'च्या मुळाशीही गोळीच निघाली.

तर मग सगळी शुद्धता फिजूल का? नाही. मॅगझिन काढली म्हणजे हत्यार रिकामं झालं, असं समजणाऱ्याच्या हातून माणसं मेली आहेत, कारण एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी चेंबरमध्ये राहिलेलं असू शकतं. तिथे शब्दाची चूक जीव घेते. तिथे भाच्यानं मला अवश्य टोकावं.

पण बरोबर शब्दाचीही एक मर्यादा असते, ती १८५७ नं दाखवली. आपण सर्रास म्हणतो, 'गोळ्यांना गायी-डुकराची चरबी होती.' नेमकं बोलायचं तर वाद काडतुसाचा होता. बारूद आणि गोळी एकत्र गुंडाळलेली ती कागदी पुडी. कागदाला वंगण, आणि तो कागद दातानं फाडायचा. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांना काडतुसं देऊ केली, तेव्हा ८५ जणांनी नकार दिला. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. ती काडतुसं जुन्याच पद्धतीची, बिनचरबीची होती. दातानं नको, हातानं फाडा, अशीही मुभा होती. साहेबाचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं, तरी ते कुणाला पटलं नाही, कारण विश्वास आधीच संपला होता. ९ मे रोजी त्या ८५ जणांना सगळ्यांसमोर बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मेरठ पेटलं. ११ मे रोजी दिल्लीत इंग्रजांनी स्वतःच्या हातानं दारूगोळ्याचं मॅगझिन उडवलं.

हे लिहिताना मला माझाच वर्ग आठवतो. सातवीतली एक मुलगी धडा वाचत होती. तिनं 'बंदूख़' म्हटलं. मी थांबवलं, "क़ाफ! घशातून काढ." तिनं पुन्हा 'बंदूख़'च म्हटलं. तिसऱ्या वेळी वर्ग हसला, आणि खरं सांगतो, मीही हसलो. ती खाली बसली आणि त्या सत्रात तिनं पुन्हा हात वर केला नाही. तिच्या घरी दख्खनी बोलतात आणि दख्खनीत क़ाफचा ख़ होतो. तिची आजी तशीच बोलत असेल, आजीची आजीही. माझी आजीही तशीच बोलायची. क़ाफ मी शाळेत शिकलो.

प्रमाण उच्चार शिकवणं माझं कामच आहे, ते मी सोडणार नाही. पण ईदनंतर शाळा उघडली तेव्हा तिला मी अख्खा धडा वाचू दिला. मध्ये एकदाही थांबवलं नाही. क़ाफच्या खुणा नंतर तिच्या वहीत केल्या, पेन्सिलीनं.